बिनसुतकाचं घर

हनोईजवळच्या केलाक गावात आजोबा ख्वातच्या घरी राहायला आले तेव्हा त्यांचं वय तीन महिने होतं आणि ते एका माणसाच्या काखेत मावत होते. आजोबा म्हणजे डुक्कर. पण हा शब्द ते असेपर्यंत त्या घरात उच्चारायचा नसतो. आजोबा खात नाहीत, जेवतात. लोळत नाहीत, पहुडतात. आणि पुढच्या वर्षी पहिल्या महिन्याच्या त्रयोदशीला गावदेवासमोर आजोबा ‘जातात’. नेमके कसे जातात, हे सुरी धरणाऱ्यालाही विचारू नये.

आजोबांना ठेवून घ्यायचा मान दर वर्षी एकाच घराला मिळतो आणि त्या घराची चौकशी मुलीचं स्थळ बघावं तशी होते. नवराबायको दोघं हयात हवीत. मुलगा हवा, मुलगीही हवी. भांडणाचा आवाज रस्त्यापर्यंत येता कामा नये. आणि मुख्य म्हणजे घरात सुतक नको. आजोबा असताना त्या घरात कुणाच्या कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी बांधली गेली, की आजोबा बाटले. मग गावानं इतकं जपलेलं ते थोर व्यक्तिमत्त्व किलोच्या भावानं बाजारात जातं.

ख्वातच्या घराण्यात हा मान कुणालाच मिळाला नव्हता. घराणं तरी कसलं! तो चार वर्षांचा असताना एका डिसेंबरात अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी त्याच्या आईबापांना एकदमच नेलं. मागे राहिली चौदा वर्षांची बहीण, ताम. तिनं त्याला वाढवलं. अनाथांचं घर म्हणून त्रयोदशीच्या प्रसादातला त्यांचा वाटा म्हणजे केळीच्या पानावर बोटभर कातडं. ताम ते ख्वातला भरवायची, स्वतः पान चाटायची आणि म्हणायची, “एकदा आजोबा आपल्याकडे येऊ देत. मग गाल आपला.”

गालाचा तुकडा यजमानाचा असतो. बाकीचं अख्खं धूड गावात वाटलं जातं, पण गालाला कुणी हात लावत नाही.

पुढे ताम लग्न करून दक्षिणेला गेली, दोंग नायकडे, रबराच्या मळ्यात. तिथंच विधवा झाली, तिथंच तिचे गुडघे गेले. ख्वात सत्तावन्न वर्षांचा झाल्यावर गावाला एकदाचं त्याचं घर दिसलं. त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा तामनं त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “गाल मला आणून दे. दात आहेत तोवर.”

त्याच क्षणी ख्वातचं वर्ष ठरलं. त्रयोदशीला आजोबा जातील, चतुर्दशीला सकाळी तो गाल घेऊन दक्षिणेची गाडी पकडेल. देवाला काय मिळायचं ते मिळो. ख्वातच्या लेखी हा सगळा खटाटोप ताईच्या तोंडात एक घास जावा म्हणून होता.

आजोबांची बडदास्त त्यानं अशी ठेवली की त्याच्या मुलानं हनोईहून फोनवर विचारलं, “बाबा, पुढच्या जन्मी तुमच्याकडे डुक्कर म्हणून येऊ का?” मच्छरदाणी होती, पंखा होता, जमिनीला टाइल्स होत्या. लुआ, म्हणजे ख्वातची बायको, रोज पहाटे भाताची पेज शिजवायची; आजोबांच्या पेजेत रताळं आणि नवऱ्याच्या पेजेत नुसतं मीठ.

“अगं, मलाही एखादं रताळं?”

“तुम्ही जाणार आहात का त्रयोदशीला?” लुआ म्हणायची.

मग उत्सव समितीचा प्रमुख बिएन एक परदेशी पशुखाद्य कंपनी घेऊन आला. बिएन पंचेचाळिशीचा होता, शहरात दोन वर्षं काढून आला होता, आणि परंपरा हा शब्द तो दुकानदार ‘माल’ म्हणतो तसा म्हणायचा. कंपनी गावदेवाच्या देवळाला नवं छप्पर घालून देणार होती; बदल्यात आजोबांच्या खोलीत पाटी आणि टीव्हीवर मिरवणूक. देऊळ गळत होतं हे खरं होतं. गावदेव जुना सेनापती, त्यानं उघड्यावर पुष्कळ दिवस काढले असतील, पण समितीला ओलं होणं मानवत नव्हतं.

“काका, आजोबांना जरा खाद्याच्या पोत्याकडे सरकवा ना,” फोटोवाला आला त्या दिवशी बिएन म्हणाला. “पाटीवरचं कंपनीचं नाव झाकलं जातंय.”

“मी कोण सरकवणारा? तू विनंती कर.”

बिएननं हात जोडून विनंती केली. आजोबांनी परदेशी पोतं हुंगलं आणि पाठ केली.

“परदेशी म्हणून नव्हे हो,” ख्वातनं कंपनीच्या साहेबाची समजूत घातली, “त्यांना माझ्या बायकोच्या हातची सवय आहे.” साहेबानं दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्यानं ते भाषांतरात घेतलं नाही.

दहाव्या महिन्यात तामताईचे फोन थांबले. भाचा त्वेन म्हणाला, “मामा, आईला फोनवर आता काहीच ऐकू येत नाही. तुम्ही ओरडता, ती रडते. त्यापेक्षा ती बोलेल ते मी रेकॉर्ड करून पाठवत जातो.”

आणि दर रविवारी ताईचा आवाज येऊ लागला. “जेवलास का? आजोबा जेवले का? थंडीत डोकं झाक.” ताई जन्मभर एवढंच बोलत आली होती, त्यामुळे कधी बोललेलं कधी ऐकलं यानं काही अडत नव्हतं. ख्वात फोन आजोबांच्या कानाला लावायचा. त्यांचीही विचारपूस होती, त्यांनी ऐकायलाच हवी.

त्याच सुमाराला गाव ख्वातशी चांगलं वागू लागलं. टोफू विकणारी बाई त्याला उगाच एक वडी जास्त द्यायला लागली. पाटाच्या पाण्यावरून ज्याच्याशी बोलचाल बंद होती त्या शेजाऱ्यानं स्वतःहून त्याच्या वाफ्यात पाणी सोडलं. पत्त्यांत तो सारखा जिंकू लागला. ख्वातनं याचा सरळ अर्थ लावला: आजोबांचा पायगुण.

लुआचंही काहीतरी बदललं होतं. अमावास्या-पौर्णिमेला ती मांसमच्छी सोडून देवळात बसू लागली. एकदा कांद्याची पात चिरताना तिच्या डोळ्यांतून धार लागली.

“पातीनं पाणी येतं?” ख्वातनं विचारलं.

“आजोबा जाणार म्हणून,” ती म्हणाली.

त्यालाही गहिवरून आलं. सव्वादोनशे किलोचा तो जीव त्यालाही आता घरचाच वाटत होता.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ताईचा आवाज आला: “सापाचं वर्ष तुला सुखाचं जावो.” बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातला साप तर आदल्या रात्री सरला होता, घोड्याचं वर्ष लागलं होतं. ख्वात पोट धरून हसला. “ऐकलंत का आजोबा? ताई एक वर्ष मागेच राहिली!” लुआ स्वयंपाकघरात होती. तिच्या हातून झाकण पडलं.

त्रयोदशीला मिरवणूक झाली. आजोबांना आंघोळ घालून, पाठीवर लाल शाल पांघरून, फुलांच्या पालखीत बसवलं. वर ड्रोन घोंगावत होता, पुढे झांजा, मागे कंपनीची टोपी घातलेल्या पोरी. एक गोरी बाई आजोबांकडे बघून रडत होती. दुसरी तिचा फोटो काढत होती. देवळात सगळं शांत झाल्यावर गावातले सर्वांत वडीलधारे दिन्हबाबा यांनी ख्वातला पुढे बोलावलं. यजमानाला एकच वाक्य बोलायचं असतं. वर्षभर त्यानं ते आजोबांसमोर घोकलं होतं.

“माझं घर स्वच्छ आहे,” ख्वात देवाला म्हणाला. “या घरात रडण्याचं कारण घडलेलं नाही.”

त्याच्या मागे अख्खं गाव डोकं टेकवून बसलं होतं. इतकं नम्र गाव त्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग आजोबा गेले. वाटे पडले, तांदळाची दारू झाली, कंपनीचं भाषण झालं. गाल केळीच्या पानात गुंडाळून ख्वातच्या ओंजळीत आला. घरी आणून त्यानं तो स्वतः मिठात परतला, माशांच्या सॉसमध्ये आटवला, डब्यात भरला. प्रवास दीड दिवसाचा, तोंडात घालेपर्यंत टिकायला हवा होता.

चतुर्दशीला सकाळी तो नवा सदरा घालून अंगणात आला तर लुआ पायरीवर बसलेली.

“अगं, डबा पिशवीत टाकला का?”

ती जागची हलली नाही.

“गाडी चुकेल. ऊठ.”

“थांबा थोडं. लोक येताहेत,” लुआ म्हणाली. तिनं कपडे बदलले होते. अंगावर काळं, जुनं, अंत्यविधीला जातानाचं होतं.

फाटकातून दिन्हबाबा आले, मागून विड्याच्या पानांचं तबक धरलेला बिएन, त्यामागे समिती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ओझं उतरवायला आलेल्या माणसांचं हलकं दुःख होतं.

“ख्वात,” दिन्हबाबा म्हणाले, “बस.”

“गाडी आहे बाबा. ताईकडे चाललोय.”

“म्हणूनच बस. ताम गेली.”

“कुठे?”

ख्वातनं बायकोकडे पाहिलं, बिएनकडे पाहिलं. “कधी?” त्यानं विचारलं.

“दहाव्या महिन्यात,” बिएन पुढे होऊन म्हणाला. “छान झालं सगळं, काका. गर्दी होती म्हणे खूप. त्वेननं काही कमी केलं नाही. आम्ही समितीतर्फे फुलांचं चक्रही पाठवलं होतं.”

“माझं नाव होतं त्यावर?”

बिएन गडबडला. “होतं. म्हणजे घालावंच लागतं.”

ख्वात अंगणातल्या दगडावर बसला. आजोबांची मच्छरदाणी अजून दोरीवर वाळत होती. “मग रविवारी कोण बोलत होतं?”

“जुनं होतं ते,” लुआ म्हणाली. “त्वेनच्या फोनमध्ये पुष्कळ होतं.”

“मी रविवारी तिला उत्तर द्यायचो. ‘जेवलो ताई’ म्हणायचो.”

दिन्हबाबांनी काठीवर हनुवटी टेकवली. “हे बघ. पुस्तकाप्रमाणे, दिलेल्या बहिणीचं सुतक एवढं धरत नाहीत. आजोबांना त्यानं काही झालं नसतं.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“कारण तू पुस्तक पाळलं नसतंस. तू आईचं सुतक धरलं असतंस. पट्टी बांधून पहिली गाडी पकडली असतीस. आजोबा बाटले असते, छप्पर गेलं असतं. आम्ही बसलो, विचार केला. सुतक कानावाटे लागतं, ख्वात. ज्याला माहीत नाही त्याला ते लागत नाही.”

“मी देवासमोर म्हणालो, माझं घर स्वच्छ आहे.”

“तू खोटं बोलला नाहीस. तुला माहीत नव्हतं.”

“मग खोटं कोण बोललं?”

यावर समितीत चुळबुळ झाली. “तसं बघितलं तर काका,” बिएन म्हणाला, “देवानं आम्हाला कुणाला विचारलंच नाही.”

ख्वातनं मान हलवली, जणू मुद्दा रास्त होता. “आणखी कुणाकुणाला माहीत होतं?”

आता सगळेच पायांकडे बघू लागले. टोफूवालीची जास्तीची वडी, पाटाचं पाणी, त्याच्यासाठी मुद्दाम हरलेले पत्त्यांचे डाव – गावानं त्याला सांत्वनाची भेट दिली होती, फक्त कशाबद्दल ते सांगायचं तेवढं राहिलं होतं.

“पोरांना?” त्यानं लुआला विचारलं.

“माहीत होतं.”

“पट्टी आण.”

लुआ आत गेली आणि लगेच बाहेर आली. जाळीदार पांढऱ्या कापडाची पट्टी नीट शिवून, घडी घालून ठेवलेली होती. काम बारीक टाक्यांचं होतं. घाईत झालेलं नव्हतं. ख्वातनं ती कपाळाला बांधली, मागे शेपटं सोडली. समितीनं सुटकेचा श्वास टाकला. आता तो रडेल, आपण थोपटू, विडा देऊ, झालं.

ख्वात रडला नाही. तो उठला, सदरा झटकला आणि फाटकाबाहेर पडला.

“स्टेशनला निघाला वाटतं,” बिएन म्हणाला.

तो स्टेशनकडे वळला नाही. तो बिएनच्याच घरात शिरला.

पहिला महिना सरेपर्यंत सुतकी माणूस दुसऱ्याचा उंबरठा ओलांडत नाही. त्याला हे सांगावं लागत नाही. पांढरी पट्टी बांधली की तो आपणहून घरात बसतो. कारण तो ज्या घरात शिरला त्या घराचं वर्ष बसलं. आणि आलेल्या पाहुण्याला पहिल्या महिन्यात दारातून परत पाठवलं, तर ते त्याहून वाईट.

बिएनची बायको चहाचा पेला घेऊन उभीच्या उभी थिजली. बिएन धावत मागून आला. “काका, हे काय? असं नसतं करायचं.”

“नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या होत्या,” ख्वात म्हणाला आणि कंपनीच्या कॅलेंडरखालच्या चांगल्या खुर्चीत बसला. “वर्षभर आजोबांमुळे कुठे जाता आलं नाही. चहा आहे ना?”

चहा आला. साखरेत घोळलेलं आलंही आलं. ख्वातनं दोन्ही घेतलं, सावकाश. “दुकान मोठं होवो,” तो बिएनला म्हणाला. “घरात कुणाला ताप येऊ नये. आईला जप.” बिएनची म्हातारी कोपऱ्यात बसली होती; तिनं कान झाकून घेतले.

तिथून तो टोफूवालीकडे गेला. तिनं रडत रडत चहा दिला. शेजाऱ्याकडे गेला, शेजारी मागच्या दारानं निसटला, तर ख्वात तो परत येईपर्यंत बसून राहिला. पत्त्यांच्या जोडीदारांकडे गेला. कुठे आवाज चढवला नाही. कुणी काही विचारलं तर म्हणाला, “तुम्ही आमच्या घराची इतकी काळजी घेतलीत, मी आभार मानायला नको?” दुपारपर्यंत बातमी त्याच्या पुढे धावू लागली. गावात फाटकं लागायला लागली. पण पहिल्या महिन्यात लागलेलं फाटक बघून नशीबही मागे फिरतं म्हणतात, तेव्हा घराघरात नवराबायकोची दबक्या आवाजात भांडणं सुरू झाली, की दोन अपशकुनांतला कोणता परवडेल.

दिन्हबाबा ओसरीवर वाटच बघत होते. दोन पेले भरलेले होते.

“आलास? बस,” ते म्हणाले. “मी काय, पिकलं पान. माझं वर्ष बसलं तर एकच बसेल. पण ज्यांच्या घरात लहान लेकरं आहेत तिथं तरी जाऊ नकोस.”

“त्यांना माहीत होतं?”

“त्यांच्या आईबापांना होतं.”

ख्वात चहा प्यायला. “तुम्ही माझ्या बापाला ओळखायचात ना, बाबा?”

“ओळखायचो.”

“मग त्याच्या मुलीला पोचवायला त्याचा मुलगा हवा, हे तुमच्या त्या बैठकीत कुणीच म्हणालं नाही?”

म्हाताऱ्यानं पेला खाली ठेवला. “एक जण म्हणालं,” ते म्हणाले. “मीच त्याला गप्प केलं.”

कोण ते ख्वातनं विचारलं नाही. विचारलं असतं तर एका घराला क्षमा करावी लागली असती, आणि आज त्याच्यापाशी तेवढंही नव्हतं. लेकरांच्या घरांवरून मात्र तो नुसता गेला. आत शिरला नाही.

संध्याकाळी तो स्वतःच्या फाटकाशी येऊन थांबला. “आहे का कुणी घरी?”

लुआ बाहेर आली. “हे काय विचारणं? या आत.”

“पाहुणा आहे मी.”

तिनं ओठ दाबले. मग पाहुण्याला द्यावी तशी खुर्ची दिली, चहा दिला. तो बसला.

“सगळं माझ्या माथी मारताय,” लुआ म्हणाली. “पण हे ताईंचंच सांगणं होतं. त्या आजारी पडल्या तेव्हाच त्यांनी मला सांगितलं. म्हणाल्या, मी गेले तर त्याला आजोबा जाईपर्यंत कळू देऊ नकोस. आयुष्यात एकदा मिळालंय. त्याला ते माझ्यापायी घालवू देऊ नकोस.”

ख्वातनं तिच्याकडे पाहिलं. ताई असं म्हणू शकली असती. अगदी याच शब्दांत. हेच वाईट होतं. काल हे वाक्य कानावर आलं असतं तर तो ढसाढसा रडला असता आणि बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला असता. आज त्याला कळेना, की हे ताई बोलली होती, की समितीनं बसून विचार केला होता.

“खरंच म्हणाली?”

“खरंच.”

“आजारी किती दिवस होती?”

“महिना झाला असेल.”

“म्हणजे मी जाऊ शकलो असतो. ती जिवंत असताना. तेव्हा सुतक नव्हतं, लुआ. नुसतं आजारपण होतं.”

लुआनं पदरासारखं सदऱ्याचं टोक तोंडाशी धरलं. याचा विचार बहुधा कुणीच केला नव्हता, किंवा सर्वांनी केला होता.

ख्वातनं चहा संपवला, पेला उपडा ठेवला. डबा तसाच चुलीजवळ होता. “तो तुम्ही सगळे खा,” तो म्हणाला, आणि पिशवी घेऊन निघाला. मागून लुआ फाटकापर्यंत आली. “मी येऊ का सोबत?” तिनं विचारलं. तो बांधापर्यंत चालत गेला, तेव्हा ती अजून तिथंच उभी होती.

मोठ्या रस्त्यावर भाड्याची मोटारसायकल घेऊन एक माणूस झाडाखाली बसला होता. दुसऱ्या गावचा होता. ख्वातला बघून तो उठला, मग पट्टी बघून अडखळला. पहिला महिना होता. तरी त्यानं सिगारेट विझवली.

“हनोई स्टेशन,” ख्वात म्हणाला.

“चला.” माणसानं गाडीला किक मारली आणि मान वळवली. “कोण गेलं हो, दादा?”

सकाळपासून ख्वात गावभर हिंडला होता. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांना माहीत होतं.

“माझी ताई,” तो म्हणाला.

“अरेरे. कधी?”

“आज,” ख्वात म्हणाला. “आज सकाळी.”

“मग लवकर पोचायला हवं,” तो माणूस म्हणाला आणि त्यानं हातातलं हेल्मेट पुढे केलं. “हे घाला. पुढे पोलीस आहेत.”

ख्वातनं पट्टीवरूनच हेल्मेट चढवलं. पट्टा हनुवटीखाली अडकवायला गेला, पण तो दोनदा निसटला आणि शेवटी त्या परक्या माणसालाच गाडीवरून उतरून तो लावावा लागला.